वाघ नाही, की कॅमेरा बंद?

आपल्या धंद्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं. "अलर्ट आला नाही ना? मग सगळं ठीक आहे." पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याही सपोर्ट टीममध्ये बसा, दिवसातून दोनदा तरी ऐकाल. माझ्या मते याइतकं खोटं वाक्य आपल्याकडे दुसरं नाही. (म्हणजे आहे, "माझ्या मशीनवर चालतंय", पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

मॉनिटरिंगची मांडणी साधी असते. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवतात, त्याला एजंट म्हणतात. तो सीपीयू, मेमरी, डिस्क बघतो आणि दर मिनिटाला वर कळवतो. आता हा एजंटच आजारी पडला तर? पडतो ना, आणि तऱ्हेतऱ्हेने पडतो. डिस्क भरली की त्याला स्वतःलाच लिहायला जागा उरत नाही. सर्टिफिकेटची मुदत संपते. कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी फायरवॉलचा नियम बदलून घरी जातो. सर्व्हरचं घड्याळ मागे पडतं आणि आलेला आकडा शिळा ठरतो. सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे प्रोसेस यादीत जिवंत दिसते, पण आत कुठेतरी अडकून बसलेली असते. आणि मेमरी संपली की लिनक्स ज्या प्रोसेसचा बळी घेतो, त्यात कधीकधी एजंटचाही नंबर लागतो. ज्या क्षणासाठी त्याला नेमलं, नेमका त्याच क्षणी तो गेलेला!

प्रोमीथियसमध्ये तर आणखी गंमत. "सीपीयू ९० टक्क्यांच्या वर गेला तर ओरड" असा नियम लिहिला आणि आकडा येणंच थांबलं, तर नियमाचं उत्तर रिकामं येतं. रिकाम्यावर ओरड होत नाही. आधीपासून वाजत असलेला अलर्टसुद्धा प्रश्न सुटल्यासारखा मिटून जातो. आकडा गायब झाल्याचा अलर्ट वेगळा लिहावा लागतो, आणि तो कोण लिहितो?

मी मूळचा चंद्रपूरचा. हाच प्रश्न आमच्याकडच्या जंगलात फार आधी विचारला गेलाय, आणि खरं सांगू का, आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे.

ताडोबात वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप लावतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना, जोडीनं, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लागले होते. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, त्यात वाघाचे ७६,६५१. पण मला त्या हिशेबातली आवडते ती गोष्ट वेगळीच आहे. मेहनत मोजतात ती 'ट्रॅप नाइट्स'मध्ये, म्हणजे कॅमेरा खरोखर चालू होता तेवढ्याच रात्री. बॅटरी संपली, कॅमेरा चोरीला गेला, जनावरानं पाडला, की तेवढ्या रात्री वजा. "त्या रात्री वाघ आला नाही" असं लिहीत नाहीत.

आता आपले अहवाल बघा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास. ९९.९ टक्के उपलब्धतेचा वायदा म्हणजे बंद राहायला जेमतेम ४३ मिनिटांची मुभा. आणि एजंट एखाद्या रात्री सहा तास मुका होता. मग ९९.९ हा आकडा कुठल्या तोंडानं सांगायचा? एका प्रोजेक्टवर मी हे मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर आलं, "क्लायंटला घाबरवू नकोस." ते सहा तास हिरव्या रंगातच गेले.

हत्यारांचा दोष नाही हो. नागिओसमध्ये ओके, वॉर्निंग, क्रिटिकल यांच्या जोडीला चौथी अवस्था आहे, अननोन. त्याच्या अहवालात ठरवता न आलेल्या वेळेचा वेगळा रकानाही असतो. पॉवरपॉइंट बनवताना तो रकाना आपण काढून टाकतो.

कॉलर लावलेला वाघ म्हणजे तर अस्सल एजंट. उमरेड-कऱ्हांडलाच्या प्रसिद्ध 'जय'ला सप्टेंबर २०१५ मध्ये रेडिओ कॉलर लावली. एप्रिल २०१६ नंतर सिग्नलही नाही आणि वाघही नाही. कुणी म्हणे कॉलर बिघडली, वाघ लांब निघून गेला असेल, कुणी म्हणे मारला. काय झालं ते आजही सिद्ध झालेलं नाही. वर्षभरानं, एप्रिल २०१७ मध्ये, त्याचा मुलगा 'श्रीनिवास' आमच्या जिल्ह्यात नागभीडकडे मेला. शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं. कॉलर वेगळी फेकलेली सापडली, वाघ पुरलेला. सिग्नल तुटला तर तक्रार कॉलरची आहे की वाघाची, हे कॉलर सांगू शकत नाही. कुणीतरी पायी जाऊन बघावं लागतं.

शेजारच्या गडचिरोलीत हे माणसांच्या बाबतीत घडलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था तिथं १९८६ पासून काम करते. ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी झाले, तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषधांइतकंच महत्त्वाचं तिथलं मोजणं होतं. गावात नोंदी ठेवायच्याच, शिवाय ठरावीक काळानं घरोघर फिरून त्या पडताळायच्या. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालानं तर दाखवून दिलं, की महाराष्ट्रात प्रत्यक्षात होणाऱ्या बालमृत्यूंच्या मानानं सरकारी कागदावरचे फारच कमी आहेत. "मृत्यू शून्य" आणि "नोंदच आली नाही" हे कागदावर सारखंच दिसतं.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे एजंटचे अलर्ट फार येतात, माणूस कंटाळून बंद करतो. खरं आहे, मीही वैतागतो. पण रात्री फोन वाजवू नका म्हणणं वेगळं, आणि तो वेळ हिरवा रंगवणं वेगळं. राखाडी रंग द्या ना. त्याला आवाज नसतो.

आणि आता हे फक्त डेटा सेंटरपुरतं राहिलेलं नाही. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठला २०२३ च्या सुमारास एआयवर चालणारे कॅमेरे लागले, वाघ गावाकडे येताना दिसला की इशारा मिळावा म्हणून. चांगलंच आहे. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या, तिथं असं काहीही लागलं तर हवंच आहे. पण इशाऱ्याची सवय झालेलं गाव इशारा नसला की निर्धास्त होणार. त्या खांबावर "कॅमेरा बंद आहे" हे दाखवणारा एक दिवा मला वाघ ओळखणाऱ्या एआयइतकाच मोलाचा वाटतो, आणि टेंडरमध्ये तो आधी लिहायला हवा.

सोमवारी ऑफिसला गेलात की एक करून बघा. टेस्ट सर्व्हरवरचा एजंट मुद्दाम बंद करा आणि घड्याळ लावून बसा. कुणाला, किती वेळानं कळतं ते इथं कॉमेंटमध्ये लिहा. मॅनेजरला आधी सांगून ठेवा, नाहीतर माझं नाव येईल.