दोन वर्षे नक्की कोणत्या दिवसापासून?

डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाई मागायची तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागते, हे बऱ्याच वाचकांनी ऐकलेले असते. जुन्या कायद्यात हीच मुदत होती, २०१९ च्या कायद्यातील कलम ६९ नेही तीच ठेवली आहे. पण ही दोन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, असे विचारले की भलेभले गप्प होतात.

गोव्यातील सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेवर नोव्हेंबर १९९३ मध्ये मुंबईत डॉ. व्ही. एन. श्रीखंडे यांनी पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया केली. पुढे पोट दुखतच राहिले. वेदनाशामक गोळ्या घेत तिने नऊ वर्षे काढली. २००२ मध्ये सीटी स्कॅन झाला, दुसरी शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वेळचे गॉज पोटातच राहिले होते, अशी तिची तक्रार. ऑक्टोबर २००४ मध्ये तिने महाराष्ट्र राज्य आयोगाकडे पन्नास लाखांची भरपाई मागितली. दुसऱ्या शस्त्रक्रियेपासून मोजले तर ती मुदतीत होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१० मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली.

न्यायालयाने घालून दिलेला नियम असा. इजा उघड असेल तर मुदत त्याच दिवशी सुरू होते. इजा आत दडलेली असेल तर ती रुग्णाला कळल्यापासून, किंवा साधी दक्षता घेतली असती तर कळू शकली असती त्या दिवसापासून. या ‘किंवा’पाशीच तिचे प्रकरण बुडाले. इतकी अनुभवी परिचारिका, एवढे दुखत असताना नऊ वर्षांत मूळ सर्जनकडे एकदाही कशी गेली नाही, असा न्यायालयाचा सवाल होता. चूक खरोखर झाली होती का, याचा निवाडा मग झालाच नाही.

मुदत असावी, असे माझे डॉक्टर म्हणून स्पष्ट मत आहे. दहा वर्षांनी ना कागद सापडतात, ना थिएटरमधली माणसे. पण हाच मापदंड पाथर्डीच्या ऊसतोड बाईला लावाल का? दिवाळीनंतर ती कारखान्यावर जाते ती सहा महिने परतत नाही. ऑपरेशन म्हटले की दुखायचेच, असे तिला घरचेही सांगतात. ‘तुला कळायला हवे होते’ हे तिला ऐकवणे मला तरी पटत नाही. न्यायालयाने त्या परिचारिकेच्या अनुभवावर बोट ठेवले, त्या अर्थी अशा बाईसाठी दार उघडे आहे, असे मी समजतो.

तरी दार उघडे आहे म्हणून थांबू नका. ठरल्यापेक्षा जास्त दिवस दुखले, ताप हटेना, तर ज्याने ऑपरेशन केले त्याच्याकडेच आधी परत जा आणि तुमची तक्रार केसपेपरवर लिहून घ्या. नुसत्या गोळ्या बदलत चार दवाखाने फिरू नका. आंतररुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत दिले पाहिजेत, असा २००२ च्या वैद्यकीय नियमावलीचा दंडक आहे. कागद जपण्याचे बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे. कागद मागितले की आमच्यातील काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू द्या.

आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ जातो तो मध्यस्थीत. गावातले कोणी म्हणते, ‘डॉक्टरांशी बोलतो, जरा थांबा.’ एक दिवाळी जाते, दुसरी जाते. बोलणी चालू आहेत किंवा वकिलाची नोटीस गेली आहे म्हणून मुदत थांबत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण कारण सबळ लागते आणि ते तुम्हालाच पटवून द्यावे लागते.

जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाहीत. तेथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता, आणि त्याची मुदत वकिलाला लगेच विचारावी. पैसे भरून उपचार घेतले असतील तर नगरचा जिल्हा आयोग आहे. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही, आणि वकील न देताही तक्रार चालवता येते.