शोध लागला म्हणे!

अलीकडे एक नवा छंद निघाला आहे. गड झाले, लेणी झाली, धबधबे तर पार तुडवून झाले. आता सुटीच्या दिवशी गाडी काढायची आणि मुलखातली कॉफीची लहान लहान दुकाने 'शोधून' काढायची. दाणे स्वतः भाजणारी, स्वतः दळणारी, हाताने गाळून देणारी दुकाने. पणजीला एक सापडते, बेळगावात एक, चिकमगळूरकडे वळले की डझनाने. मग त्यांची यादी होते, ती पुरवणीत छापून येते आणि वर मथळा असतो, 'दडलेली रत्ने'.

माझे भांडण कॉफीशी नाही. ते 'शोध' या शब्दाशी आहे. जे दडलेलेच नव्हते त्याचा शोध कसा लागतो? आमच्या गावच्या बाजारात सकाळी आठाच्या सुमारास गेलात तर कॉफी भाजल्याचा वास तुम्हाला हाताला धरून दुकानापाशी नेतो. दोन पिढ्या तिथे लोखंडी पिंप फिरते आहे. गिऱ्हाईक म्हणते, "पाव किलो, सत्तर-तीस," म्हणजे सत्तर भाग कॉफी, तीस भाग चिकोरी. आणि त्याच्या डोळ्यांदेखत दाणे दळून गरम पूड पुडीत बांधली जाते. भाजणारा लहान, दुकान लहान, काम हातचे. मग या यादीत हे दुकान का नाही? कारण त्याला काचेचा दर्शनी भाग नाही, बसायला खुर्ची नाही आणि मालक बनियनवर असतो. दुसरे कारण मला तरी सापडलेले नाही.

यादीतल्या अशाच एका दुकानात मी गेलो होतो. कॉफी मागवली, साखर मागितली. पोरगा अदबीने म्हणाला, "काका, याला साखर चालत नाही. चव मरते." अडीचशे रुपये माझे, जीभ माझी आणि साखरेला परवानगी त्याची! संताप आला. पण रागाच्या भरात एक गोष्ट विसरायची नाही असे मी ठरवले आहे, ती सांगतो. त्या पोराला मी खोचकपणे विचारले, "हा दाणा कुठला?" त्याने बागेचे नाव सांगितले, तालुका सांगितला, बाग किती उंचीवर आहे ते सांगितले, फळ सालीसकट वाळवले की साल काढून धुतले ते सांगितले आणि पाकिटावरची भाजल्याची तारीख दाखवली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या बाजारातल्या दुकानात तोच प्रश्न विचारला. मालक हसून म्हणाले, "कुठला म्हणजे? चिकमगळूरचा." चाळीस वर्षे मी तिथली पूड पितो आहे; एवढ्या वर्षांत मला त्यापलीकडे काही विचारावेसे वाटले नाही आणि त्यांना सांगावेसे वाटले नाही.

याला दोष कुणाचा? इथे थोडा इतिहास पाहावा लागतो, कारण यादी करणारे तो पाहत नाहीत. १९४२ च्या कॉफी कायद्याने देशातली जवळजवळ सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागे. बागाईतदाराने माल घालायचा, बोर्डाने प्रतवारी करून लिलाव करायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे. साठ्यात पडला की दाणा कुणाच्या बागेतला हे संपले. उरली फक्त प्रत. प्लँटेशन, पार्चमेंट, चेरी, पीबेरी एवढीच काय ती ओळख. बाजारातल्या भाजणाऱ्याने शेतकऱ्याकडून थेट दाणा घ्यायचा म्हटले तरी सोय नव्हती. अर्धशतक हा कारभार चालला. १९९२ पासून तो टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि १९९६ पर्यंत सगळ्या बागाईतदारांना आपला माल खुल्या बाजारात विकता येऊ लागला. बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे'चे पहिले दुकान उघडले तेही १९९६ सालीच. आज पाकिटावर बागेचे नाव दिसते ते कुणाच्या प्रतिभेमुळे दिसत नाही. कायदा बदलला म्हणून दिसते.

तेव्हा आमच्या बाजारातल्या मालकांना दाण्याचे गाव ठाऊक नव्हते हा १९९६ पर्यंत त्यांचा दोष नव्हता. पण त्याला आता तीस वर्षे होत आली. आता तो दोष आहे. आणि जुन्याच्या प्रेमापोटी आपण तो झाकता कामा नये. काळाकुट्ट भाजला की जुना, शिळा दाणाही खपतो. चिकोरी वाढवली की रंग येतो, कडूपणा येतो, पैसा वाचतो. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसते. ती घालणे हे पाप नव्हे. दक्षिणेची अर्धी चव तिनेच घडवली आहे. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवे असा नियम आहे. पण कागदात बांधलेल्या सुट्या पुडीवर काय छापलेले असते? काही नाही. गिऱ्हाईक विश्वासावर पितो. विश्वास चांगलाच, पण तो शाईने लिहिला तर बिघडते काय?

आता काचेच्या दुकानांकडे वळू. एक किलो कच्चा दाणा भाजला की पंधरा ते वीस टक्के वजन घटते. सव्वाआठशे ग्रॅम हाती राहतात. पेल्याला अठरा ग्रॅम धरले तर पंचेचाळीस पेले होतात. अडीचशेच्या भावाने सव्वाअकरा हजार रुपये झाले. त्यात जागेचे भाडे आहे, वीज आहे, यंत्र आहे, पोरांचे पगार आहेत, सगळे मान्य. पण २०२४ आणि २०२५ या वर्षांत, जगाच्या बाजारात कॉफीने भावाचे उच्चांक मोडले तेव्हासुद्धा, शेतकऱ्याला त्या किलोमागे काहीशे रुपयेच मिळाले. पाकिटावर त्याच्या बागेचे चित्र असते. त्याला काय मिळाले तो आकडा नसतो.

आणि बाग तरी कुणाची? देशातल्या कॉफीच्या शेकडा पंचाण्णवाहून अधिक बागा दहा हेक्टरांच्या आतल्या आहेत. पाकिटावर नाव येण्यासाठी स्वतःचे फळ वेगळे ठेवावे लागते, साल काढायचे यंत्र लागते, वाळवायला मोठे खळे लागते. दोन-चार एकरवाल्याला ते परवडत नाही. तो फळ वाळवतो आणि गावच्या व्यापाऱ्याला घालतो. बोर्डाच्या साठ्यात त्याचे नाव बुडत होते, आता व्यापाऱ्याच्या पोत्यात बुडते. २०१९ साली बाबाबुडनगिरी, चिकमगळूर आणि कोडगूच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगराला नाव मिळाले. डोंगरावरच्या लहान माणसाला अजून मिळायचे आहे. खरे दडलेले असेल तर ते हे आहे, आणि ते कुठल्याच यादीत नाही.

शेवटी आपल्याविषयी. आपण सीमेवरची मराठी माणसे. चहा आपला आणि कॉफी 'त्यांची', अशी एक रेघ आपण कपातसुद्धा ओढून ठेवली आहे. घरी कॉफी व्हायची ती उपासाला, नाहीतर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला. दुधात उकळलेली, वर जायफळ. ती वाईट असते असे मी म्हणणार नाही, कुणी म्हटले तर भांडेन. पण येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया घेऊन आलेल्या बाबा बुडनची कथा ज्या डोंगराची आहे, तो डोंगर गाडीने एका दिवसाच्या अंतरावर असताना आपण बाटलीतली झटपट पूड घेतो, आणि पुरवणीत यादी आली की मग धावतो. चिकमगळूरला गेलात तर एका जुन्या कॉफीच्या दुकानावर 'पांडुरंग' हे नाव दिसेल. पंढरपूरच्या वाटेवर ज्याला आपला म्हणतो, तो तिथे कॉफी विकतो आहे. मग ती कॉफी 'त्यांची' कशी?

तेव्हा शोधच घ्यायचा असेल तर गाडी काढण्याआधी पिशवी घेऊन बाजारात जावे. तिथल्या भाजणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: दाणा कुठल्या तालुक्यातला, भाजला कधी, चिकोरी किती? उत्तर पुडीवर लिहून मागावे. काचेच्या दुकानात गेलात तर तिथे एकच विचारावा: शेतकऱ्याला किलोमागे काय दिलेत? आणि साखर हवी असेल तर निःसंकोच मागावी. पहिल्या खेपेला दोन्ही दुकानांत माणसे विचित्र नजरेने पाहतील. पाहू द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. मी आमच्या मालकांना गेले चार महिने विचारतो आहे. परवा त्यांनी पुडीवर पेन्सिलीने तारीख घातली. तालुका अजून आलेला नाही. येईल.