जनुकाची साक्ष आणि रोगाचा निवाडा

क्षयजंतूच्या सुमारे ४,००० जनुकांची यादी १९९८ साली प्रसिद्ध झाली. तथापि, यादी हाती आल्याने रोगाचे रहस्य उलगडत नाही. जंतूची सर्व जनुके सदासर्वकाळ कार्य करीत नाहीत. परिस्थितीनुसार काही जागृत होतात, काही निद्रिस्त राहतात. जागृत जनुकाच्या आज्ञेची प्रत आर. एन. ए. ह्या द्रव्याच्या रूपाने पेशीत तयार होते. ह्या प्रती मोजल्या म्हणजे कोणते जनुक केव्हा जागे झाले, ते कळते. परंतु त्या अत्यंत अल्पायुषी असतात. काही मिनिटांतच त्या नष्ट होऊ लागतात. म्हणून जंतू तत्काळ गोठवून अथवा रसायनात स्थिर करूनच पुढील काम करावे लागते.

ह्या बाबतीत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जया त्यागी व त्यांचे सहकारी ह्यांनी केलेले कार्य उद्बोधक आहे. एकाच मूळ जंतूपासून निघालेले क्षयजंतूचे दोन वाण प्रयोगशाळांत जतन केलेले आहेत. एक उग्र, दुसरा सौम्य. दोहोंतील समाईक संदेश वजा केले असता उग्र वाणात अधिक कार्यरत असलेली काही जनुके हाती लागली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या संशोधनातून 'डेव्ह-आर' हे जनुक पुढे आले. प्राणवायू कमी पडला की हे जनुक सुमारे ५० जनुकांना जागे करते, असे २००३ च्या सुमारास दिसून आले. शरीरात जंतू दीर्घकाळ सुप्त राहतो, त्याच्याशी ह्याचा संबंध असावा.

मग ह्यास 'क्षयाचे जनुक' म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. हे जनुक नाहीसे केलेला जंतू गिनीपिगांत दुर्बळ ठरला, असे २००४ साली त्यागी ह्यांच्या गटाने दाखविले. परंतु २००३ साली दुसऱ्या एका गटाने प्रतिकारशक्तीहीन उंदरांवर केलेल्या प्रयोगात तसाच जंतू अधिक घातक ठरला होता. जनुक जागे झाले ही केवळ साक्ष होय. ते काढून, पुन्हा घालून आणि निरनिराळ्या प्राण्यांत पारखून घेतल्यावाचून निवाडा होत नाही.

नवी औषधे शोधणारे अशाच साक्षींवर विसंबून आपले लक्ष्य निवडतात. घाईने काढलेल्या निष्कर्षापायी अनेकांची वर्षे व्यर्थ जातात. म्हणून 'रोगाचे जनुक सापडले' असे वाक्य छापताना लेखकांनी व शिक्षकांनी हात आखडता घ्यावा आणि विद्यार्थ्यांपुढे परस्परविरोधी वाटणारे दोन्ही प्रयोग ठेवावेत. विज्ञानाची रीत त्यांना त्यातूनच कळेल.