एकट्याची खोली आणि संसाराचा हक्क

पोटासाठीं मनुष्यानें देशांतर करावें ह्यांत नवें असें कांहीं नाहीं. कन्हान नदीच्या कांठीं वसलेल्या ज्या खाप्यांत कोष्ट्यांच्या मागांचा खडखडाट सकाळीं गांव जागें करीत असे, तेथील तो धंदा गिरणीच्या कापडानें व पुढें यंत्रमागांनीं खालीं बसविला. जवळच्या गुमगांवच्या मॅंगनीजच्या खाणींत सर्वांसच काम मिळणें शक्य नाहीं. तेव्हां अशा गांवच्या तरुणांनीं नागपूर, पुणें, मुंबई ह्या शहरांची, किंवा समुद्रापलीकडील दुबई, दोहा, कुवेत ह्या ठिकाणांची वाट धरली तर त्यांस कोण दोष देईल? त्यांच्या मनीऑर्डरींवर पूर्वीं व आज बॅंकेंत जमा होणाऱ्या रकमांवर घरें उभीं राहतात, मुलें शिकतात, आणि आमच्या बाजारपेठेंतील उधारीचीं खातीं चुकतीं होतात. परंतु ह्या पैशाच्या मोबदल्यांत त्या माणसाकडून केवळ श्रमच घेतले जातात, कीं त्याचा संसारहि घेतला जातो, हा प्रश्न आमच्या व्यापारी वाचकांनीं एकदां स्वस्थ चित्तानें विचारांत घ्यावा अशी आमची विनंति आहे.

आखाती देशांत मजूर, सुतार, वेल्डर, चालक म्हणून जाणाऱ्या मनुष्यास मालकाकडून राहावयास जागा मिळते. ही जागा फुकट मिळते म्हणून ती मोठी सवलत मानण्यांत येते. पण ती बहुधा ‘एकट्याची’ जागा असते, म्हणजे एका खोलींत दुमजली खाटा टाकून निजणाऱ्या अनेक एकट्यांची. तेथें पत्नीस व मुलांस राहण्याची परवानगी नसते. कुटुंब कायमचें नेण्याचा मार्ग पगाराच्या अटीनें अडविलेला असतो. संयुक्त अरब अमिरातींनीं २०१९ सालीं ही अट दरमहा ४,००० दिरहम, अथवा ३,००० दिरहम व राहण्याची जागा, अशी ठरविली. कुवेतनें जानेवारी २०२४ मध्यें ती ८०० दिनारांपर्यंत नेली होती. साध्या मजुरास ह्या पायऱ्या चढणें शक्य होत नाहीं. पत्नीनें प्रवासी म्हणून चार दिवस जावें म्हटलें, तर हॉटेलाच्या भाड्यांतच कमाईचा मोठा भाग जातो.

१२ जून २०२४ रोजीं कुवेतमधील मंगाफ येथें मजुरांच्या राहत्या इमारतीस आग लागून चाळिसांहून अधिक भारतीय प्राणांस मुकले. आपला मनुष्य कोठें व कसा निजत होता, हें त्या दिवशीं कित्येक घरांस वर्तमानपत्रांतील चित्रांवरूनच प्रथम कळलें असेल! जी जागा कुटुंबाच्या दृष्टीस कधीं पडावयाचीच नाहीं, ती चांगली ठेवण्याची काळजी मालकास कितीशी वाटणार? कुटुंबाची भेट ही केवळ मायेची गोष्ट नसून राहणीवरील एक पहाराहि आहे, हें आम्हांस येथें मुद्दाम सांगावयाचें आहे.

ह्यावर कांहीं आक्षेप घेण्यांत येतात. पहिला असा कीं, मनुष्यानें आपण होऊन करारावर सही केली, मग तक्रार कसली? परंतु ज्याच्या घरीं कर्ज आहे व बहीण लग्नाची आहे, त्याच्या सहीस पूर्ण राजीखुशीची सही म्हणणें हें शब्दांशीं खेळणें होय. तुरुंगांतील कैद्यासहि नातेवाइकांची मुलाखत मिळते. मग निरपराधी श्रमिकास ती कां मिळूं नये?

दुसरा आक्षेप असा कीं, तो रजेवर घरीं येतोच. येतो खरा, पण वर्षादोनवर्षांनीं येणारा बाप मुलास पाहुणाच वाटूं लागतो. मुंबईच्या गिरण्यांत कोंकणांतून व घांटावरून गेलेल्या कामकऱ्यांच्या पिढ्यांनीं हें दुःख पुरेपूर भोगलें आहे. तथापि त्यांची बायको बोटीनें किंवा गाडीनें मुंबईस येऊं तरी शकत असे, आणि एखाद्याचें कुटुंब आलें म्हणजे गाळ्यांतील इतर पुरुष आपलीं अंथरुणें गॅलरींत टाकून त्यास खोली मोकळी करून देत. जें सौजन्य त्या गरिबांस साधलें, तें संपन्न कंपन्यांस न साधावें काय?

तिसरा आक्षेप खर्चाचा. येथें आम्ही व्यापाऱ्यांच्याच भाषेंत हिशेब मांडतों. शंभर कामगारांपैकीं प्रत्येकाच्या कुटुंबास वर्षांतून पंधरा दिवस राहूं द्यावयाचें ठरविलें, तर खोलीचे एकंदर दिवस १,५०० होतात. एक खोली वर्षांत ३६५ दिवस उपयोगी पडते. म्हणजे पांच खोल्यांत हें काम पाळीपाळीनें सुखानें उरकतें. शंभर माणसांमागें पांच खोल्या! एवढ्यानें ज्या कारखान्याचें दिवाळें वाजेल, तो कारखाना मुळांतच बुडीत समजावा.

हा विचार आमच्याच डोक्यांतून निघाला आहे असें नाहीं. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९७५ सालच्या १५१ व्या शिफारशींत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ज्या स्थलांतरित कामगारानें निदान एक वर्ष नोकरी केली व ज्याचें कुटुंब त्याच्याजवळ नाहीं, त्यास पगारी वार्षिक रजेंत घरीं जाण्याचा, अथवा निदान तेवढ्याच मुदतीसाठीं कुटुंबास आपल्याकडे आणण्याचा हक्क असावा. शिफारस ही कायदा नव्हे हें खरें. परंतु तिचा कायदा करणें हें राज्यकर्त्यांच्या हातीं आहे. दहावी न झालेल्या मनुष्यास आखाती देशांसह १८ देशांत नोकरीस जातांना, १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वयें, सरकारी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे त्याचा करार सरकारच्या हातांखालून जातोच. त्या करारांत कुटुंबाच्या भेटीचें एक कलम असावें असा आग्रह आमच्या सरकारनें कां धरूं नये? केरळानें परदेशस्थ केरळीयांसाठीं १९९६ सालीं स्वतंत्र खातें काढलें. महाराष्ट्रानेंहि आपल्या परदेशस्थ श्रमिकांची तितकीच आस्था बाळगावी.

परंतु दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आपलें अंगण झाडलें पाहिजे. आपल्या जिल्ह्यांत वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर व कारखान्यांत परप्रांतांतून जे मजूर येतात, त्यांच्या पत्र्याच्या खोल्या दुबईच्या खोल्यांहून बऱ्या असतात काय? १९७९ च्या आंतरराज्य कामगार कायद्यानें त्यांच्यासाठीं योग्य निवारा व प्रवासभत्ता देण्याचें बंधन घातलें, आणि २०२० च्या संहितेंत वर्षांतून एकदां गांवीं जाण्यायेण्याचें भाडें देण्याचें कलम आहे. आमच्या कंत्राटदार बंधूंनीं हें कलम पाळण्यापासून आरंभ करावा, व आपल्या आवारांत कुटुंबाच्या भेटीसाठीं एक खोली राखून ठेवावी.

शेवटीं एक कटु गोष्ट. आमच्या आजे-पणज्यांच्या काळीं समुद्र ओलांडणाऱ्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावें लागे. तें खूळ गेलें. पण सुनेनें चार दिवस नवऱ्याकडे एकटीनें जावयाचें म्हटलें कीं, ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आजहि कित्येक घरांत उभा राहतो. नवऱ्याचा पैसा समुद्र ओलांडून आलेला चालतो, बायकोचें पाऊल मात्र समुद्रापार पडलेलें चालत नाहीं! मालकाचें कुलूप तोडावयाचें असेल तर घरची कडी आधीं काढली पाहिजे. मुलाचा पासपोर्ट काढतांनाच सुनेचाहि काढावा, आणि नोकरी ठरवितांना दलालास पगाराबरोबरच कुटुंबाच्या भेटीविषयींहि विचारावें.

मजुराचे हात विकत घेणाऱ्यानें त्याचा संसार फुकट घेऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. तें आम्हांस मुळींच अवास्तव वाटत नाहीं, आणि आमच्या वाचकांसहि वाटूं नये.