अहवालातील जोखीम आणि नदीकाठची जोखीम

हवामानबदलाच्या जोखमीला उद्योग-व्यवसाय कसे सामोरे जातात, हा गेल्या दोन दशकांत जगभरच्या विद्यापीठांत संशोधनाचा विषय झाला आहे. २०११मध्ये थायलंडमधील औद्योगिक वसाहती महापुरात बुडाल्या आणि संगणकाच्या हार्ड डिस्कचा तुटवडा साऱ्या जगाला जाणवला. २०१५मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी हवामानबदल हा वित्तीय स्थैर्यालाच धोका असल्याचा इशारा दिला. पुण्यात परदेशांतून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या थोडीथोडकी नाही. त्यांपैकी एखाद्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी हाच विषय घेऊन मुठेकाठचे कर्वेनगर अभ्यासक्षेत्र म्हणून निवडले, तर त्याच्या हाती काय लागेल?

सर्वप्रथम लागतील ते अहवाल. सेबीने मे २०२१मध्ये परिपत्रक काढून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. कर्वेनगरातील मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला जिचे नाव आहे आणि १९६२मध्ये किर्लोस्कर कमिन्स म्हणून जिची पुण्यात सुरुवात झाली, त्या कमिन्स इंडियासारख्या कंपन्या या यादीत येतात. वीज किती वापरली, पाणी किती उपसले, कर्बवायू किती सोडले, याचे तपशीलवार तक्ते या अहवालांत असतात. तुलना करायला सोपी, आकडेमोडीला सोयीची अशी ही सामग्री असल्याने संशोधकांचा ओढा तिच्याकडे असणे स्वाभाविक आहे.

मात्र यात एक गफलत होते. कारखान्याचे उत्सर्जन म्हणजे कंपनीने हवामानावर केलेला परिणाम. हवामान कंपनीचे काय करील, हा वेगळाच प्रश्न. आपत्ती ओढवली तर व्यवसाय चालू कसा ठेवणार, या प्रश्नासाठी सेबीच्या नमुन्यात शंभर शब्दांची जागा आहे. संकेतस्थळाचा दुवा दिला तरी भागते. शिवाय हा प्रश्न ऐच्छिक विभागात मोडतो. शंभर शब्दांत लग्नपत्रिकाही नीट बसत नाही, हे सेबीतील जाणकारांना ठाऊक नसेल असे नाही.

आता नदीकडे वळू. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक वेगाने पाणी सोडण्यात आले. आदल्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. कर्वेनगरच्या समोरच्या तीरावर, सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. नदीच्या खालच्या अंगाला, डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत, अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तिघा तरुणांचा मृत्यू झाला. हवामानाच्या जोखमीला व्यवसायाने दिलेला प्रतिसाद म्हणतात तो हाच: पाणी चढू लागले की गाडा वर ओढायचा. कोणत्याही अहवालात त्याची नोंद होत नाही.

खडकवासल्याची क्षमता अवघी १.९७ टीएमसी आहे. ३५ हजार क्युसेकचा विसर्ग अखंड चालू राहिला, तर भरलेले धरण सोळा तासांच्या आत रिकामे होईल. पानशेत, वरसगाव, टेमघर भरत आली आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला, की खडकवासल्यात पाणी थोपवून धरायला फारशी जागा उरत नाही. आलेले पाणी पुढे सोडावेच लागते. म्हणजे कर्वेनगरच्या नदीकाठावरील व्यावसायिकाची जोखीम त्याच्या डोक्यावरच्या आभाळावर जितकी, तितकीच धरणाच्या दरवाजांवर आणि इशारा किती आधी मिळतो यावर अवलंबून असते. पहाटेचा इशारा कुलूपबंद दुकानाच्या काय कामाचा?

पूररेषांचीही हीच कथा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई असते. दोन्ही रेषा मागच्या नोंदींवरून आखल्या जातात आणि उद्याचा पाऊस कालच्यासारखाच असेल हे त्यात गृहीत धरलेले असते. ते गृहीतक डळमळीत झाले, तरी विकास आराखड्यातील रेषा जागच्या जागीच राहते.

राजाराम पूल ते म्हात्रे पूल या डीपी रस्त्यालगतच्या नदीकाठी लग्नसमारंभांची लॉन्स उभी राहिली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. महापालिकेने कारवायाही केल्या. या व्यवसायाचे गणित समजून घेण्याजोगे आहे. शहरात दुर्मीळ असलेली मोकळी जागा येथे मिळते ती पुराच्या भीतीने बांधकामाला मज्जाव असल्यामुळेच. लग्नाचा मुख्य हंगाम पावसाळ्याबाहेर. जोखीम टाळण्याऐवजी तिच्यातूनच नफा काढण्याचा हा मार्ग, आणि भरावामुळे पाण्याची वाट अडली तर त्याचा भुर्दंड दुसऱ्या कुणाला.

राहता राहिला विमा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. एका ठिकाणच्या पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला तिचे संरक्षण मिळते आणि त्यात पुराचाही समावेश आहे. बुडालेल्या दिवसांच्या कमाईसाठी मात्र वेगळे विमाछत्र घ्यावे लागते. विमा नसलेल्याची मदार सरकारी मदतीवर. जुलै २०२१मध्ये चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पुराने उद्ध्वस्त झाली, तेव्हा राज्य सरकारने नुकसानग्रस्त दुकानदारांना कमाल ५० हजार आणि टपरीधारकांना कमाल १० हजार रुपये देण्याचे ठरवले. किराणा दुकानाच्या तळघरातील एका गोदामाचा मालही त्यात भरून निघणे अवघड.

यापुढचा टप्पा बँकांचा आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४मध्ये हवामानाशी निगडित वित्तीय जोखीम जाहीर करण्याबाबतचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच्या कक्षेत व्यापारी बँका, मोठ्या वित्तसंस्था आणि दहा हजार कोटींहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका येतात. लहान सहकारी बँका आणि पतसंस्था येत नाहीत. मोठ्या बँका असा हिशेब मांडू लागल्या, तर पूररेषेलगतच्या पत्त्यावरचे कर्ज महागण्याची किंवा नाकारले जाण्याची शक्यता आहे. त्या पत्त्यावरचा दुकानदार तेव्हा पतसंस्थेचे दार ठोठावील. तेथे त्याला दोन जामीनदार विचारले जातील. पाणी कुठवर चढते, हे विचारण्याचे बंधन तेथे कुणावरच नाही.