समता आणि आपला सातबारा

मनुष्यमात्र समान आहे हे वाक्य सभेत ऐकले म्हणजे आपण सर्व मान डोलावितो. आणि घरी आलो म्हणजे 'पाची बोटे सारखी नसतात' ही म्हण सांगून मोकळे होतो. या दोहोंपैकी खरे कोणते, आणि समता ही साधणारी वस्तू आहे की केवळ बोलावयाची आहे, याचा विचार शेतकरीवर्गाने स्वतःच्या व्यवहारावरून करावा असे आम्हांस वाटते. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ आम्ही फारसे वाचलेले नाहीत. पण फेरफाराच्या नोंदी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि मनुष्य मनुष्यास किती समान मानतो हे त्या वहीत जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

प्रथम समता म्हणजे काय नव्हे ते सांगू. निफाडच्या काळ्या जमिनीत जे पिकते ते सुरगाण्याच्या डोंगरउतारावर पिकावे, असा हट्ट कोणी धरीत नाही. जो पहाटे उठून राबतो त्याच्या खळ्यात चार पोती अधिक पडली, तर त्यात अन्याय नाही. बुद्धी, कष्ट, प्रकृती व नशीब ही माणसागणिक वेगळी राहणारच. समता म्हणजे इतकेच की, कोणास काय मिळावे व कोणास काय नाकारावे हे त्याच्या जन्मावरून ठरू नये. पाची बोटे लहानमोठी आहेत हे खरे. पण करंगळीत काटा रुतला असता 'ती लहान आहे, राहू द्या' असे कोणी म्हणत नाही.

अशी समता आपल्याच जिल्ह्यात फार जुनी आहे. बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी घेण्याची वहिवाट काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, आणि बागायतदाराची जमीन निरनिराळ्या फडांत वाटलेली असावयाची. पाणी कमी झाले तर पुरेल तितकेच फड भिजवावयाचे. त्यामुळे तूट आली तर ती सर्वांस येते. एकट्या दुबळ्याच्या माथी बसत नाही. पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देतो, तोंड पाहून देत नाही. समता ही परक्या देशातून आलेली कल्पना आहे असे जे म्हणतात त्यांनी हे बंधारे पाहून यावेत.

मात्र या व्यवस्थेची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. ज्याची फडात जमीन, त्यालाच पाळी. भूमिहीनाचा त्यात भाग नव्हता. पुढे पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिले, उसास मनाई केली, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. फडापेक्षा ही पायरी वरची होय. यावरून असे दिसते की, समता असावी की नसावी हा खरा तंटा नसतोच. आपल्या बरोबरीच्यांत ती सर्वांस मान्य असते. तंटा असतो तो गणतीत कोणास धरावे याचा.

या तंट्याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या नाशिक शहरातच घडले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दारी गेले. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड, ज्यांस पुढे सर्व लोक दादासाहेब म्हणू लागले, त्यांनी हा सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालविला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. आता हिशोब मांडून पाहावा. बाहेर उभ्या असलेल्या लोकांनी देवाचे सोने मागितले नव्हते, कोणाचे शेतही मागितले नव्हते. त्यांस आत घेतल्याने आतल्यांच्या कणगीतील एक दाणा कमी होणार नव्हता. तरीही पाच वर्षांत दार उघडले नाही. म्हणजे विषमता केवळ लोभाने टिकते असे नाही. आपल्या खाली कोणीतरी आहे या समाधानावरही ती टिकते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कायदा दाराचे कुलूप काढू शकतो. मनातील उंबरठा ज्याचा त्यानेच उतरावा लागतो.

येथवर वाचून पुष्कळ वाचक 'यथार्थ आहे' म्हणतील. आता आम्ही त्यांच्याच घरी येतो.

आज या मासिकाच्या वाचकांत असे अनेकजण असतील की, ज्यांच्या आजोबांचे नाव एके काळी कूळ म्हणून लागले होते. १९४८ च्या कुळकायद्याने व १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणारा मालक झाला. तेव्हा जमीनदार म्हणत होते की, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मोडते, घराणी बुडतात, सलोखा नाहीसा होतो. आपण ते ऐकले नाही, आणि ठीकच केले. पण तोच कायद्याचा हात जेव्हा आपल्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लिहू लागतो, तेव्हा तीच जुनी वाक्ये आपल्या तोंडी येतात.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीस सहदायादाचा हक्क दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. आणि त्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जन्मतःच आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. तरी व्यवहार काय चालतो? बाप वारला म्हणजे तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसांची नावे जातात. त्यांत बहिणींची नावे बिनचूक असतात. नोटिसा निघतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग थोड्याच दिवसांत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र होते, नवा फेरफार पडतो, आणि बहिणींच्या नावांना कंस होतो. कागदावर 'राजीखुशीने' असे असते. ती खुशी किती खरी असते हे कचेरीच्या बाकावर बसलेल्या बहिणींचे चेहरे पाहिलेल्या कारकुनास विचारावे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जमिनीचे तुकडे पडतील. तुकडे वाईट खरेच. पण चौथा मुलगा झाला म्हणून तुकड्यांच्या भयाने त्याचे नाव कोणी वगळल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शिवाय नाव लागणे म्हणजे बांध घालणे नव्हे. नावे सामाईक ठेवून एकाने कसावे व उत्पन्नाचा वाटा द्यावा, किंवा वाजवी मोल देऊन हिस्सा घ्यावा. दुसरा आक्षेप लग्नखर्चाचा. लग्नखर्च मुलाच्याही लग्नात होतो. तो जेवणावळीत जातो, बहिणीच्या नावे लागत नाही. आणि हुंड्यास तर १९६१ पासून कायद्याने बंदी आहे. गुन्ह्याची रक्कम वाटणीत वजा मागावी हे शोभत नाही. तिसरा आक्षेप असा की, हिस्सा मागितला तर माहेर तुटते. आम्ही विचारतो, जे माहेर एका सहीवर टिकते व एका सहीवाचून तुटते, त्यास माहेर तरी का म्हणावे?

हे काही अशक्य नाही. याच जिल्ह्यात चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनास शेतकरी स्त्रिया फार मोठ्या संख्येने जमल्या होत्या. आणि पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा अनेक गावांतील शेतकऱ्यांनी कायद्याचा बडगा नसता आपली जमीन स्वेच्छेने पत्नीच्या नावे केली. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरले. शेतातील निंदणी, लावणी, खुडणी कोण करते हे ज्यास ठाऊक आहे, त्याने या आकड्याचा अर्थ स्वतः लावावा.

तेव्हा समता साधेल काय, या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. सर्व माणसे सर्व बाबतींत सारखी होतील, अशी समता साधणार नाही आणि तिची गरजही नाही. परंतु जन्मावरून कोणाचे नाव कापले जाऊ नये, ही समता साधते. कारण ती पाण्याच्या पाळीत साधली आहे आणि कुळाच्या हक्कात साधली आहे. ती आपोआप येत नाही, आणि एकदा येऊन संपतही नाही. ज्याच्या हाती लेखणी वा अंगठा आहे, त्याला ती दर पिढीस पुन्हा करावी लागते.

ज्यांच्या घरी वारसाची नोंद व्हावयाची आहे त्या बंधूंस आमची विनंती एवढीच की, बहिणीस कचेरीत नेण्यापूर्वी तिच्या हिश्शाचे क्षेत्र व आजचा भाव तिला घरी बसवून मोकळेपणाने सांगावा, विचारास महिनाभर अवधी द्यावा, आणि ती जे म्हणेल ते मान्य करावे. त्यानंतर तिने हक्क सोडला तर तो खरोखर तिचा प्रेमाचा अहेर समजावा. न सोडला तर तिचे नाव भावांच्या ओळीत राहू द्यावे. सातबाऱ्यावर तेवढी जागा आहे.