न सापडलेली नोंद

ताळेबंद जुळत नसेल तर दोनच शंका उरतात : एखादी नोंद राहून गेली, अथवा हिशेबाची रीतच चुकली. आकाशगंगांच्या अभ्यासकांपुढे हाच पेच उभा राहिला. १९७० मध्ये व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचा भ्रमणवेग मोजला. केंद्रापासून दूर जाताना तो घटावयास हवा होता. प्रत्यक्षात तो फारसा घटला नाही. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्व एवढ्या वेगास आवर घालण्यास अपुरे होते.

आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वस्तुमानामुळे अवकाश-काळ वक्र होतो आणि त्या वक्रतेतून जाणारा प्रकाशही वळतो. म्हणूनच अदृश्य वस्तुमानाचेही माप घेता येते. बुलेट नामक दीर्घिकासमूहात दोन समूहांची टक्कर होऊन तप्त वायू मागे रेंगाळला. दृश्य द्रव्याचा मोठा वाटा या वायूचाच. तरीही प्रकाश सर्वाधिक वळतो तो वायूपासून दूर, असे २००६ मध्ये दिसून आले. रीत चुकली नसून नोंदच राहिली आहे, या मतास त्यामुळे बळ मिळाले. या नोंदीस कृष्णद्रव्य म्हणतात. विश्वात ते सामान्य द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे. रक्कम कळली, खातेदार मात्र अद्याप सापडलेला नाही.